पापडाचं कूपन आणि दोनशे वर्गणीदार

रविवार, २ ऑक्टोबर १९९४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

भाऊजींच्या गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनवर फळी टाकून पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रतीला पिन मारत होतो. पिन वाकडी गेली. उपटली, तर कागदाला भोक पडलं. दुसऱ्या प्रतीची पिन सरळ बसली. आता पहिली प्रत कोणती म्हणायची हे ठरेना, म्हणून दोन्ही बाजूला ठेवल्या आणि ही वही उघडली. पुढे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते सापडावं, एवढाच वहीचा उपयोग.

बारा पानं, तीनशे प्रती, नाव ‘सॅटर्डे बास्केट’. शनिवारी इथले, मिशिगनच्या ट्रॉय गावातले, सगळे देशी प्रताप काकांच्या दुकानात किराण्याला येतात. टोपलीत कोथिंबिरीशेजारी हेही पडावं, असा विचार. देशातून उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या निवडून थोडक्यात, विनीता काकूंचा ‘अंबाडीची भाजी मिळत नाही तेव्हा’ हा लेख, माझा मित्र विवेकच्या अकरा भागांच्या लेखाचा पहिला भाग, भाड्याच्या खोल्या, कारपूल, वधू-वर. सगळं इंग्रजीत. आई नागपूरहून विचारते, इंग्रजीत का? कारण इथली मुलं मराठी वाचत नाहीत आणि प्रताप काकांकडे तेलुगू, गुजराती, पंजाबी सगळेच येतात.

माझं इंग्रजी विचित्र आहे. बोलताना अडखळतो, पण स्पेलिंग चुकत नाही. नागपूरला छापखान्यात सात वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले, तेही उलटे. शब्द डोळ्यांत बसले, तोंडात आले नाहीत. बारावी अर्धी राहिली. ताईने सिटिझन झाल्यावर माझ्या इथे येण्याचा अर्ज केला, दहा वर्षांनी नंबर लागला आणि मी मागच्या वर्षी इथे आलो. आता वॉल्टरच्या छापखान्यात काम करतो. रविवारी तो मला छोटं ऑफसेट मशीन फुकट वापरू देतो. अट एकच, सोमवारी रोलर आरशासारखे दिसले पाहिजेत.

पुढचं दुपारी लिहितोय. साडेसहाला भाऊजी चहाचा कप घेऊन खाली आले. अंक उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“हे काय? शाळेचं प्रगतिपुस्तक?”

“अंक आहे, भाऊजी.”

“मार्क किती पडले?”

 भाऊजींनी कप फळीवर ठेवला (मी लगेच खाली कागद सरकवला) आणि काल रात्रीची अट पुन्हा सांगितली. जानेवारीपर्यंत चार अंक. तोपर्यंत दोनशे वर्गणीदार झाले तर मासिक चालू. नाही झाले तर पुढच्या टर्मला कॉलेजात नाव घालायचं आणि कागद काळे करणं बंद.

“बाबासाहेबांनी पहिला शब्द कोणता सांगितला?”

“शिका.”

“मग?”

 उत्तर नऊ वाजता आंघोळ करताना सुचलं, की बाबासाहेबांनी वर्तमानपत्रंही काढली होती. पण तोवर भाऊजी लॉन कापायला गेले होते आणि मशीनच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसतं.

सकाळी गॅरेजातून जाताना मात्र म्हणाले होते, “एक प्रत दे. पिन न मारलेली.”

“का?”

“बोटाला लागते.”

माझ्या पिना आतल्या बाजूला नीट दुमडलेल्या असतात. कुणाच्याही बोटाला लागत नाहीत. तरी दिली.


रविवार, १६ ऑक्टोबर

काल धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, भाड्याच्या हॉलमध्ये. चौदा तारीख शुक्रवारी आली म्हणून शनिवारी केला. त्रिशरण, पंचशील, दोन भाषणं आणि मग जेवण. मी दाराशी टेबल लावून बसलो होतो. वर्षाची वर्गणी सहा डॉलर, हे ऐकून लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते.

बावीस वर्गणीदार मिळाले. आधीचे सोळा. एकूण अडतीस.

एक गोष्ट कळली नाही. ओहायोतल्या टोलेडोहून आलेल्या एका बाई म्हणाल्या, “त्या अंबाडीच्या लेखात लिंबू जास्त सांगितलंय हं. मी केलं, आंबटढाण झालं.” टोलेडोला मी एकही प्रत पाठवलेली नाही. त्यांनी वर्गणीही भरली नाही. म्हणाल्या, “आमच्याकडे येतो अंक.” मी वर्गणीदारांची वही तपासली. येत नाही.

बहुधा कुणीतरी दुकानातून नेला असेल. पुढच्या अंकात लिंबाची दुरुस्ती छापतो.


रविवार, ३० ऑक्टोबर

आज छापायला गेलो नाही, शाई कालच संपली. घरी पायलला (ताईची मुलगी, अकरा वर्षांची) विचारलं, रविवार कसा गेला.

“सो बोरिंग, मामा. डॅड टुक मी टू हिज ऑफिस. त्याने मला ते ग्रीन बटण लाइक हंड्रेड टाइम्स दाबायला दिलं.”

हिरवं बटण म्हणजे लिफ्टचं असणार. लिफ्टशी खेळू देणं बरं नाही. मध्येच अडकली तर? ताईला सांगितलं. ताई कणीक मळता मळता थांबली, म्हणाली, “बरं, मी सांगते त्यांना,” आणि तोंड फिरवून बराच वेळ खांदे हलवत राहिली. बहुतेक सर्दी झालीय.


रविवार, ६ नोव्हेंबर

दुसरा अंक. वर्गणीदार एकसष्ट. गती कमी आहे. सगळे भेटले की म्हणतात, वाचला, छान आहे. मग वर्गणी का भरत नाहीत? छान नसेल आणि लोक मनं राखत असतील, असं समजून मी दोन दिवस उदास होतो. पण छान नसेल तर वाचतात कशाला, आणि तेही तपशिलासकट? एकाने मला विवेकच्या लेखातली चूक सांगितली, जी शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत मीसुद्धा नाइलाजाने गेलो होतो.

या अंकात नवीन काय, तर प्रताप काकांच्या जाहिरातीत खाली कूपन आहे. दहा डॉलरच्या खरेदीवर उडीद पापडाचं एक पाकीट मोफत, महिनाअखेरपर्यंत. कल्पना काकांची. ते मला महिन्याला साठ डॉलर देतात, त्यातच कागद आणि छपाईच्या प्लेटा निघतात. त्यांची जाहिरात म्हणजे या मासिकाचा पाठीचा कणा आहे.

कूपनभोवती तुटक रेघ मी स्वतः काढली. कात्रीचं छोटं चित्रही.

भाऊजींनी पिन न मारलेली प्रत नेली. “फाइल करायला बरी पडते,” म्हणाले. मागच्या वेळी बोट म्हणाले होते.


रविवार, २० नोव्हेंबर

 भाऊजींच्या गाड्यांच्या कंपनीत नवीन नियम आलाय, प्रत्येक डिपार्टमेंटने कागदाचा हिशेब द्यायचा. त्यांच्या डिपार्टमेंटने म्हणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भलताच कागद वापरला. मी म्हणालो, गाड्यांचा धंदा मंदीत असेल, म्हणून काटकसर चालली असेल. भाऊजी म्हणाले, “हो, मंदीच म्हणायची.”

मला त्यांची काळजी वाटते. माझ्यावर खर्च करतात आणि एका शब्दाने बोलून दाखवत नाहीत. फक्त कॉलेजचं बोलून दाखवतात, तेही रोज नाही, एक दिवसाआड.


गुरुवार, १ डिसेंबर

आज सगळं संपलं असं वाटलं. नीट, क्रमाने लिहितो.

चारच्या सुमाराला प्रताप काकांचा फोन, “लगेच ये.” वॉल्टरला विचारून गेलो. काका काउंटरमागे उभे होते आणि समोर बासमतीची रिकामी पिशवी. त्यांनी ती काउंटरवर उलटी केली. कूपनंच कूपनं.

“मोज.”

“काका, मी—”

“मोजू नको, तुझ्या उत्तरा काकूने दोनदा मोजली. चारशे बारा. तू किती अंक छापले?”

“तीनशे.”

“माझं गणित कच्चं आहे भूषण, पण एवढं नाही.”

मी कूपनं बघायला लागलो. काही माझी होती, नीट कात्रीने कापलेली. बाकीची माझी नव्हती. अक्षरं माझीच, तुटक रेघ माझीच, कात्रीही माझीच, पण काळेपणा वेगळा. ऑफसेटची शाई कागदात बसते. हे वरवर चिकटलेलं होतं, नखाने खरवडलं की निघत होतं. काहींच्या कोपऱ्यात राखाडी सावली होती. झेरॉक्स.

“कुणीतरी अंकाची झेरॉक्स काढतंय,” मी म्हणालो. 

“कुणीतरी? अख्खा मिशिगन काढतोय! परवा एक माणूस लान्सिंगहून आला. पापडासाठी! दीड तास ड्राइव्ह करून! मी काय आता पापडाचा कारखाना टाकू?”

उत्तरा काकू मागे चिंचेच्या पाकिटांवर किमतीचे स्टिकर लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “पण तो लान्सिंगवाला जाताना ऐंशी डॉलरचं सामान घेऊन गेला ना?”

“तू मध्ये बोलू नको.”

“बरं. आणि शिकागोवाल्यांनी तांदळाच्या चार गोण्या नेल्या, तेही नाही बोलत.”

काकांनी कूपनं परत पिशवीत भरली. मग म्हणाले, जाहिरात बंद करत नाही, पण अट आहे. पुढचं कूपन असं पाहिजे की त्याची झेरॉक्स चालणार नाही. “तुझं सामान तू संभाळ, माझे पापड मी संभाळतो. असं कूपन नसेल तर जाहिरात नाही.”

जाहिरात नाही म्हणजे कागद नाही, प्लेटा नाहीत, चौथा अंक नाही. आणि वर्गणीदार सहासष्ट.

घरी येऊन ताईला सांगितलं.  म्हणालो, लोक दुसऱ्याच्या मेहनतीचं असं सरळ उचलून कसं छापतात!

ताई म्हणाली, “तू पण देशातल्या पेपरांतून कापूनच छापतोस ना?”

मी म्हणालो, मी माझ्या शब्दांत लिहितो आणि खाली पेपरचं नाव देतो.

“त्यांनी पण तुझं नाव पुसलं नसेल,” ती म्हणाली.

यावर मी बराच विचार केला. 

भाऊजींनी जेवताना विचारलं, “असं किती जण करत असतील?” मी सांगितलं, निदान दोनशे घरं. भाऊजींचा घास हातातच राहिला. “दोनशे?” म्हणाले. “मला वाटलं तीस-चाळीस.” मग म्हणाले, “म्हणजे, ऐकून असं वाटलं.”  पोळी अर्धीच खाल्ली. माझ्यासाठी त्यांना एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.


रविवार, ४ डिसेंबर

डिसेंबरचा अंक छापला नाही. पहिल्यांदाच उशीर.

माझा संशय विवेकवर होता. तो नागपूरचाच, व्हिसावर आलाय, गाड्यांच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. त्याच्या टेबलामागेच झेरॉक्स मशीन आहे, त्यानेच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. सकाळी त्याच्या अपार्टमेंटवर गेलो. तो ब्रश करत होता.

“विवेक, तू ‘बास्केट’ची झेरॉक्स काढलीस का?”

तो तसाच, तोंडात फेस घेऊन उभा राहिला. मग बाथरूममध्ये जाऊन चूळ भरून आला आणि खुर्चीत बसला.

“काढली यार. सॉरी.”

 किती, म्हणून विचारलं.

“चाळीस.”

“चाळीस अंक?”

“अंक कशाला? माझा लेख फक्त. दुसरा भाग. ऑफिसात वाटला, मॅनेजरला दिला, घरी पाठवला. दीपाच्या बाबांना पण पाठवला.” दीपा म्हणजे जिच्याशी त्याचं लग्न ठरू घातलंय ती. “बाकी अंक मी कशाला कॉपी करू? बाकीच्यात काय आहे?”

हे ऐकून हायसंही वाटलं आणि रागही आला. कोणतं आधी आलं ते सांगता येणार नाही.

“दीपाचे बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, अकरा भाग झाले की एकदम वाचतो.” तो जरा गंभीर झाला. “भूषण, मासिक बंद नाही ना पडणार? माझे नऊ भाग राहिलेत, यार.”

त्याने पोहे केले. मीठ विसरला होता, पण मी बोललो नाही. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला होता, त्या मानाने अळणी पोहे काहीच नाहीत.


मंगळवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी विवेककडे वंदना झाली. वीस-बावीस माणसं, जागा कमी, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. मेणबत्त्या लावून सगळे शांत बसलो. मासिकाचा विषय मी काढला नाही. एकाने काढला, त्याला म्हटलं, उद्या बोलू.


शनिवार, १० डिसेंबर

सापडलं!

वॉल्टरच्या मागच्या खोलीत पिवळ्या कागदाचे गठ्ठे पडलेत. उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेची पत्रकं छापायला आणले होते, जास्त झाले. ते बघितले आणि एकदम सुचलं. एक पिवळा कागद घेतला, त्यावर कूपन छापलं आणि छापखान्यातल्याच झेरॉक्स मशीनवर ठेवलं. कॉपी बाहेर आली ती पांढरी! मशीनला पिवळा रंग दिसतच नाही. अक्षरं येतात, रंग येत नाही. कोणत्याही ऑफिसातलं मशीन असंच करेल, कारण त्यात कागद पांढराच असतो.

वॉल्टरला दाखवलं. त्याने कागद निम्म्या किमतीत दिला आणि म्हणाला, जाहिरातदारापासून लपवून काही करू नकोस, आधी त्याला दाखव. शहाणा माणूस आहे.

तसाच काकांकडे गेलो. मधला ताव पिवळा, त्यावर जाहिरात आणि कूपन. वजन वाढत नाही, तीन तावांचा अंक एक औंसाच्या आतच राहतो, म्हणजे तिकीट तेवढंच. काकांनी पिवळं आणि पांढरं कूपन शेजारी शेजारी ठेवून बघितलं. चष्मा काढून बघितलं. लावून बघितलं.

मला एक भीती होती ती मी सांगून टाकली. “काका, पण कुणी पिवळा कागदच विकत आणला आणि त्यावर कॉपी काढली तर?”

काका म्हणाले, “जो माणूस एका पापडाच्या पाकिटासाठी पिवळ्या कागदाचा गठ्ठा विकत आणेल ना, त्याला पापड द्यायला माझी हरकत नाही. त्याला गरज आहे.”

उत्तरा काकू हसल्या. काका नाही हसले, पण जाहिरात अर्ध्या पानाची पाऊण पान करून दिली. त्याच पैशात.


रविवार, ११ डिसेंबर

तिसरा अंक निघाला, आठवडाभर उशिरा. संपादकीयात उशिराबद्दल माफी मागितली. झेरॉक्सबद्दल कडक लिहायचं होतं. चार ओळी लिहिल्याही होत्या, ‘चोरी’ शब्दासकट. ताईने वाचल्या आणि म्हणाली, “हे नको लिहूस. ज्याने केलं त्याला घरबसल्या कळलंय.”

“तुला काय माहीत?”

“मला असं वाटतं.”

काढून टाकल्या. त्या जागी लिहिलं, ‘पिवळं कूपनच दुकानात चालेल. आपल्या अंकात पिवळं पान नसेल तर खालील पत्त्यावर कळवावे.’

भाऊजींना प्रत दिली, पिन न मारलेली. त्यांनी मधला पिवळा ताव उचलला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे तुला सुचलं?”

“हो.”

“कॉपी पांढरी येते?”

“हो.”

“हं,” म्हणाले. मग म्हणाले, “पिन मारून दे. चालेल.”


सोमवार, १९ डिसेंबर

फोन फार येतात. स्वयंपाकघरातला फोन वाजला की भाऊजी माझ्या आधी धावतात आणि लांब वायर ओढत कोटांच्या कपाटात जाऊन दार लोटून घेतात. मी ऐकत नव्हतो, पण बटाटे सोलत होतो आणि कपाट शेजारीच आहे.

“नाही, नाही. आता नाही. सहा डॉलर. अहो सहा डॉलर पाठवा ना! मी काय सदावर्त घातलंय?”

थोड्या वेळाने दुसरा फोन. “जय भीम, जय भीम. हो, मला माहितीय. सहा डॉलर. नाही, मी नाही करू शकत, ऑफिसात नियम बदललाय.”

भाऊजींनी इतक्या लोकांना पैसे उसने दिले असतील हे मला माहीत नव्हतं. आणि सगळ्यांना सहा-सहाच का? रक्कम छोटी म्हणून लोक बुडवत असतील. ऑफिसच्या मंदीमुळे आता वसूल करायची वेळ आली असेल. बिचारे. मी आणि माझं मासिक त्यांच्या घरात, आणि वर ही वसुली.

आज टपालाने पाच चेक आले. दोन टोलेडोचे.


रविवार, १ जानेवारी १९९५

नवीन वर्ष. टपालाचं तिकीट आजपासून एकोणतीस सेंटवरून बत्तीस झालं. मला शनिवारीच जास्तीची घेऊन ठेवावीशी वाटत होती, पण जुन्यांना तीन सेंटचं जोडतिकीट लावावं लागतंच, तेव्हा फायदा नाही.

वर्गणीदार एकशे एकतीस.

लान्सिंगहून एक पत्र आलं. लिहिलंय की तुमचा अंक पहिल्यापासून नियमित वाचतो, कृपया आता पिवळ्या पानासह पाठवा. सोबत चेक. ‘पहिल्यापासून नियमित’ हे शब्द मी चार वेळा वाचले. मला राग यायला हवा होता. आला नाही. एका माणसाने तीन महिने माझं मासिक वाचलं, राखाडी सावलीतून, आणि तरी त्याला ते पाहिजे आहे.

एवढं झेरॉक्स करणारा जो कोणी आहे, त्याला अंक आवडत असणार. नाहीतर बारा पानं, उलटसुलट, इतकी घरं... मी छापतो म्हणून मला माहीत आहे, ते काम कंटाळ्याचं आहे. भेटला तर आधी भांडेन आणि मग चहा पाजेन, असं ठरवलंय.


रविवार, ८ जानेवारी

चौथा अंक. पहिल्यांदा चारशे छापले. बाहेर बर्फ, गॅरेजमध्ये बोटं वाकत नव्हती. ताईने खाली हीटर आणून लावला. पायलने पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मजुरी म्हणून एक पूर्ण पान मागितलं, ‘किड्स कॉलम’साठी. पाव पानावर तडजोड झाली.

भाऊजी आज पूर्ण वेळ घड्या घालत बसले. मला आश्चर्य वाटलं, कारण त्यांना ते फार सफाईने जमत होतं. ताव उचलायचा, ठोकून सरळ करायचा, मधोमध घडी. मी म्हणालो, “तुम्ही आधी कधी केलंय का हे?”

“इंजिनीअर आहे मी,” भाऊजी म्हणाले. “आम्हाला सगळं शिकवतात.”

मग घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्या बातम्यांमध्ये तो गडचिरोलीच्या शाळेचा तुकडा होता ना, नोव्हेंबरात. चांगला होता. माझ्या एका दोस्ताने फोन करून वाचून दाखवला मला. अख्खा. मी म्हटलं, अरे मला माहितीय, माझ्या साळ्याने लिहिलाय.”

मी खाली मान घालून पिना मारत राहिलो. सलग सात वाकड्या गेल्या.


रविवार, २९ जानेवारी. दुपारी.

मुदत मंगळवारी संपते, पण मंगळवारी मी कामावर असेन म्हणून मोजणी आजच केली. ताई, भाऊजी आणि मी, जेवणाच्या टेबलावर. पायलने मोठ्याने नावं वाचली, भाऊजींनी रेघा मारल्या, मी चेक तपासले.

दोनशे चौदा.

भाऊजी म्हणाले, “परत मोज.” पायलने परत वाचली. दोनशे चौदा.

“हरलो बुवा,” भाऊजी म्हणाले आणि टेबलावर असा हात आपटला की चमचे उडाले. हरलेला माणूस इतका खूश मी पाहिलेला नाही. लगेच फोनकडे गेले, कपाटात न जाता, आणि टोलेडोला कुणाला तरी मोठ्याने सांगितलं, “दोनशे चौदा! हो, हो, तुमच्यासकट!”

परत आल्यावर म्हणाले, “अट जिंकलास. कॉलेजचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलंय. ते अटीत नाही. ते नुसतं टेबलावर आहे.”

मी चाळलं. संध्याकाळचे वर्गही असतात. एकोणिसाव्या पानावर एक स्पेलिंग चुकलंय. त्यांना कळवावं की नाही, हे ठरत नाही.

चार अंकांचा खर्च: कागद ९६ डॉलर. प्लेटा ६०. शाई आणि रोलर धुण्याचं रसायन ३१. टपाल १३५ डॉलर १८ सेंट. पिना आणि पत्त्याच्या चिठ्ठ्या १८ डॉलर ४० सेंट. जुनी डिक्शनरी साडेसात. एकूण ३४८ डॉलर ८ सेंट.

देणं: ताईचे सुरुवातीचे १२०, ती नको म्हणते, तरी देणं. वॉल्टरचे प्लेटांचे ४१ डॉलर ५० सेंट. दोनशे चौदा माणसांना प्रत्येकी वर्षाचे उरलेले अंक.

येणं: प्रताप काकांकडून जानेवारीच्या जाहिरातीचे ६०. विवेककडून लेखाचे सात भाग.

भाऊजींचे लोकांकडे अडकलेले सहा-सहा डॉलर या हिशेबात धरलेले नाहीत, तो त्यांचा खासगी व्यवहार आहे. पण काळजी वाटत होती, म्हणून आज जेवताना विचारलंच, की भाऊजी, तुमचे ते पैसे मिळाले का? ताईला पाणी पिताना ठसका लागला. पायल म्हणाली, “ओ माय गॉड, मामा.” भाऊजींनी भात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाले, “सगळे वसूल झाले.”